मावशीचा हुंकार

ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या कारखान्यात विजेवर चालणारं कटिंग मशीन आलं आणि त्याच वर्षी मावशीची वाचा गेली. मशीनला आम्ही सगळ्या घाबरून होतो. मावशीचं असं काही होईल, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कारखाना पुस्तकं बांधायचा होता. शेजारच्या छापखान्यातून छापलेले मोठाले कागद हातगाडीवरून यायचे. एकेका कागदावर कितीतरी पानं, काही सुलटी, काही उलटी. तो कागद नीट दुमडत गेलं की पानं आपोआप क्रमाला लागायची. त्याला फर्मा म्हणत. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बायका बसायचो. हातात हाडाची गुळगुळीत पट्टी असायची. घडी घालायची, वरून पट्टी ओढायची, सर्र, की दुसरा कागद. पलीकडच्या बाकांवर फर्मे दोऱ्याने शिवायच्या बायका बसत आणि कोपऱ्यात पुठ्ठे चिकटवायची खळ शिजत असे. त्या खळीचा आंबूस वास माझ्या केसांना लग्नापर्यंत येत होता.

आमच्यातल्या निम्म्याजणींना वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांना वेळ नव्हता. एवढी पुस्तकं हातांखालून जायची, पण आम्ही जगलो त्या मावशीच्या गोष्टींवर.

मावशी ही माझ्या आईची थोरली बहीण. कारखान्यात मात्र ती सगळ्यांचीच मावशी होती, अगदी मालकांचीसुद्धा. आमचे आजोबा मालवाहू जहाजावर आचारी होते. बाकीचे खलाशी बंदरांतून कापड आणत, घड्याळं आणत. आजोबा गोष्टी आणत. कुठल्या धक्क्यावरच्या हमालाकडून, कुठल्या चहाच्या टपरीवरच्या म्हातारीकडून ऐकलेल्या, भाषा अर्धी कळलेली, अर्धी हातवाऱ्यांनी भरून काढलेली. आई म्हणायची, "बाबांचं नाक माझ्या वाट्याला आलं आणि गोष्टी ताईच्या. वाटणी काही बरी झाली नाही."

मावशी देशांची नावं घेत नसे. गोष्ट सुरू करताना ती एवढंच सांगायची, "ही बांबूकडची," किंवा "ही बर्फाकडची," किंवा "ही वाळूकडची." तेवढ्यावर टेबलाभोवतीची हवा बदलायची. बर्फाकडची म्हटलं की भर उन्हाळ्यात मी पदर खांद्यावर ओढून घेतलेला मला आठवतो. ती आवाज चढवत नसे, हात हलवत नसे, कारण हात कामात असत. बोलायची फक्त. आणि तिच्या बोलण्याबरोबर बायकांचे हात चालत. गोष्टीत घोडा दौडायला लागला की सगळ्या पट्ट्या सर्रसर्र पळायच्या. वाघ दबकत आला की सगळं टेबल दबकायचं. आमच्या मुकादमबाई मोठ्या कडक, पण त्याही म्हणायच्या, "अहो मावशी, आज जरा घोड्याची घ्या. माल उद्या द्यायचाय."

गोष्टीला एक नियम होता. ऐकणाऱ्यांपैकी एकीने हुंकार द्यायचा. हुंकार आला की पुढचं वाक्य. नाही आला तर गोष्ट जागच्या जागी थांबणार. हे काम आधी एक म्हातारी बाई करत होती. ती गावी मुलाकडे राहायला गेली आणि काम माझ्यावर आलं. मी तेव्हा सतरा-अठराची असेन, कारखान्यात नवी. मला वाटलं, त्यात काय मोठं? हं म्हणायला काय अक्कल लागते?

पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडले. मावशी सांगत होती, मी दुमडत होते, अधूनमधून "हं" टाकत होते, आणि डोक्यात भलतंच काहीतरी चाललं होतं. एकदम मावशी गप्प झाली.

"काय गं, आत्ता काय झालं गोष्टीत?" तिने विचारलं.

मी इकडे तिकडे बघायला लागले.

"मी म्हटलं, नदी डोंगर चढून वर गेली. आणि तू हं म्हणालीस."

सगळं टेबल हसलं. समोर तिखट बसायची. आमच्यातली सगळ्यात फटकळ बाई म्हणून तिला तिखट म्हणत. ती म्हणाली, "चढली असेल हो मावशी. पोरीच्या डोक्यात सध्या सगळंच उलटं वाहतंय."

मावशी हसली नाही. पट्टी खाली ठेवून ती म्हणाली, "हे बघ. हं म्हणजे ऐकलं, असं नव्हे. हं म्हणजे मी तिथे येऊन पोचले, मला दिसलं, आता पुढे ने. दिसलं नसेल तर हं म्हणायचं नाही. मग मी थांबेन. थांबायला मला वेळच वेळ आहे. पण खोटा हुंकार दिलास तर मी एकटीच पुढे जाईन आणि तुम्ही सगळ्या मागे राहाल."

त्या दिवशी चहापर्यंत तिने गोष्ट पुढे नेली नाही. बायका माझ्यावर जाम चिडल्या.

मग मात्र मी शिकले. आणि शिकले तशी मला भीतीच वाटायला लागली मावशीची. भीती म्हणजे घाबरणं नव्हे. मोठ्या धरणाच्या भिंतीवर उभं राहिल्यावर वाटते ना, ती. कारण हुंकार द्यायचा म्हणून खरंच बघायला लागले, तर दिसायला लागलं. टेबलाच्या कडेला धुकं दिसायचं. कागदाच्या गठ्ठ्यांच्या मागे कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. एक बाई, नाकावर घसरलेला चष्मा, बोटांना शाई, आणि ती नुसत्या शब्दांनी इतक्या जणींना उचलून कुठल्या कुठे नेते आणि घंटा झाली की जिथल्या तिथे आणून ठेवते. हे कसं करते, ते मला आजही सांगता येणार नाही.

ती गेली ती अशीच, गोष्टीच्या मधोमध. गेली म्हणजे तिचं बोलणं गेलं.

वाळूकडची गोष्ट होती, आम्ही कुणी आधी ऐकलेली नव्हती. उंटवाल्याची मुलगी कोरड्या विहिरीत उतरते. तळाशी तिला एक दार सापडतं. मावशी म्हणाली, "तिने दार वाजवलं. आतून कुणीतरी विचारलं..."

"हं," मी म्हटलं.

पुढे काही आलंच नाही. मावशी अशी थांबायची अधूनमधून, तिचं थांबणं प्रसिद्ध होतं. म्हणून आम्ही सगळ्या खूश होऊन वाट बघत बसलो. पट्ट्यासुद्धा थांबवल्या. तिखट पुटपुटली, "बघा, कशी ताणते." खोलीत इतकी शांतता की खळ रटरटताना ऐकू येत होती. मग मावशीच्या हातातली पट्टी टेबलावरून घरंगळत खाली पडली आणि तिने ती उचलली नाही.

उजवं अंग गेलं होतं. बोलणंही. हॉस्पिटलातून घरी आणली तेव्हा तिच्याजवळ एकच आवाज उरला होता, "हं." डॉक्टर भले होते. ते म्हणाले, "हिला किती कळतंय, ते मला सांगता येत नाही. वाट बघा."

मावशीचा मुलगा, म्हणजे माझा दादा, पाण्याच्या पंपावर पाळीने कामाला होता. वहिनी एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. दिवसभर घर बंद. काही आठवडे दोघांनी ओढलं. शेजारी बघत, मी सुटल्यावर जात असे. मग दादाने ठरवलं, गावाबाहेर एक शुश्रूषागृह होतं, तिथे ठेवायचं. मी ते पाहिलं होतं. स्वच्छ होतं, वाईट नव्हतं. पण ज्यांना कशाचीच ओळख उरली नाही अशी माणसं तिथे रांगेने झोपवलेली असायची आणि कुणी कुणाशी बोलत नसे. खाट मिळाली होती. सोमवारी न्यायचं होतं.

रविवारी दुपारी मी गेले तेव्हा वहिनी तिचे कपडे पेटीत भरत होती. मावशी खिडकीशी, उशांना टेकून. डोळे उघडे.

"दादा, नको ना रे नेऊस," मी म्हटलं.

"मला हौस आहे का?" तो म्हणाला. "सकाळी मी विचारलं, आई, दुखतंय का? हं. विचारलं, दुखत नाही ना? हं. म्हटलं, मी कोण? हं. भिंतीला विचारलं असतं तरी काही वेगळं झालं नसतं. तिला जर काही कळतच नसेल, तर ती इथे असली काय नि तिथे असली काय. आणि कळत असेल. तर मी नेणार नाही. पण ते मला कुणी दाखवावं."

वहिनी पेटीवर वाकूनच म्हणाली, "दिवसभर दाराला कुलूप लावून जाते मी. सुई टोचून घेते बोटात. लक्षच लागत नाही."

त्या दोघांवर रागवायला मला कुठे जागाच नव्हती.

मी मावशीजवळ बसले. निरोप घ्यावा असं वाटत होतं. म्हणून म्हटलं, "मावशी, ही बांबूकडची." आयुष्यात पहिल्यांदाच मी गोष्ट सांगत होते, आणि तीही कुणाला.

तिची सगळ्यात लाडकी गोष्ट घेतली. नदीकाठी एका नावाड्याची बायको राहते. एका पहाटे धुकं पडतं, त्यात तिचा नवरा होडीसकट नाहीसा होतो. ती ठरवते, नदीवरचं सगळं धुकं ओढून काढायचं आणि मागावर विणून टाकायचं. म्हणजे पुन्हा कुणी हरवणार नाही.

"हं," मावशी म्हणाली.

दादाने माझ्याकडे बघितलं. तेच ते, असा त्याचा चेहरा.

"रोज पहाटे ती मागावर बसते. दिवा लावते. धुक्याचा धागा हाताला लागतो, ओला, गार."

"हं."

"आणि एका पहाटे तिच्या पाठीमागे डोंगरावरचा म्हातारा वाघ येऊन बसतो. दिव्याच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात."

आवाज आला नाही.

मी थांबले. पुन्हा म्हटलं, "वाघाचे डोळे चमकतात." काहीच नाही. खिडकीखालून सायकल गेली, तिची घंटा ऐकू आली. दादा हळूच म्हणाला, "थकली असेल. राहू दे." मी मावशीकडे बघितलं. ती थकलेली नव्हती. तिचे डोळे माझ्यावर होते आणि ते वाट बघत होते. ती नजर माझ्या ओळखीची होती. नदी डोंगर चढली होती त्या दिवशीची.



"चुकले, मावशी," मी म्हटलं. "दिवा जळत नव्हता. वाघ उजेडाला येत नाही. धागा हाताला लागला की ती रोज दिवा विझवायची, बोटांनी वात चिमटून. वाघ आला तेव्हा अंधार होता. तिला फक्त त्याचा वास आला, ओल्या पानांचा."

"हं," मावशी म्हणाली.

वहिनीचे हात पेटीत तसेच राहिले. दादा उठून जवळ आला. त्याला विश्वास ठेवायची भीती वाटत असावी. माझ्या कानाशी लागून तो म्हणाला, "म्हण, वाघाच्या अंगावर पट्टे होते."

मी म्हटलं. "तो पट्ट्यापट्ट्यांचा वाघ तिला म्हणाला..."

शांतता. मावशीची डावी भुवई वर गेली. पण माझ्यासाठी नव्हे. ती दादाकडे बघत होती.

कारण त्या वाघाच्या अंगावर सुरुवातीला पट्टे नसतातच. गोष्ट त्याचीच तर आहे. तो बाईला म्हणतो, तू माझं पांघरूण विणून टाकते आहेस, धुकं संपलं की शिकारी मला बघतील. मग त्यांचा करार होतो. नदीचं धुकं तिचं, डोंगरावरचं त्याचं. विणता विणता शेवटच्या धुक्याखाली तिला नवऱ्याची होडी दिसते. तो अजून वल्ही मारतोच आहे. त्याला वाटतंय, मी आत्ता तर निघालो. त्याला आणायला तिला आत उतरायचं असतं आणि परत यायला हातात धागा हवा. मग वाघ तो धागा स्वतःच्या अंगाभोवती गुंडाळतो, पाय रोवून उभा राहतो आणि ती दोघं परत येईपर्यंत हलत नाही. ताण इतका की धागा कातड्यात रुततो. ते वळ म्हणजे वाघाचे पट्टे.

दादा खाटेच्या कडेवर बसला.  आईकडे बघून म्हणाला, "मळक्या पिवळ्या रंगाचा वाघ होता. अंगावर एकसुद्धा पट्टा नव्हता."

"हं," मावशी म्हणाली.

"तो म्हणाला, बाई, तू माझं पांघरूण विणते आहेस."

"हं."

पुढची सगळी गोष्ट दादाने सांगितली. अडखळत, लहानपणी ऐकलेली आठवून आठवून. मध्येच मला म्हणाला, "तुम्हाला रोज नवी मिळायची. मी मोठा झालो तशी ही घरी यायची ती दमून. सगळ्या गोष्टी तिकडेच संपवून." तक्रार होती, पण हसून केलेली. जिथे चुकला तिथे हुंकार अडला. तो मागे गेला, वाट शोधली, पुन्हा पुढे आला. वाघाने धागा अंगाभोवती गुंडाळला तिथे त्याचा आवाज लागेना. मावशीने बोलावल्यासारखा मोठा हुंकार दिला. त्यापूर्वी आणि त्यानंतर मी कितीतरी मोठी माणसं बोलताना ऐकली. पण त्या दुपारी त्या एका आवाजात जे सगळं होतं, ते पुन्हा कुठे ऐकलं नाही.

वहिनीने पेटीतले कपडे काढून पुन्हा फळीवर ठेवले. कुणी काही ठरवलं वगैरे नाही. ती म्हणाली एवढंच, "चहा टाकते. सासूबाईंना साखर जास्त, ते मला माहीत आहे. विचारत नाही."

घराला कुलूप लावायचा प्रश्न उरलाच होता. तो मुकादमबाईंनी सोडवला. मी सोमवारी सगळं सांगितलं तेव्हा त्या ऐकून घेत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातली खुर्ची कुणाच्या बापाची आहे का? आणा त्यांना इथे." मालकांना त्यांनी विचारलं नाही, कळवलं. मग दादा सकाळी हातगाडीवरून आईला आणून सोडायचा. छापखान्याच्या कागदांसारखीच मावशीही यायची. तिखट म्हणायची, "आला बाई आजचा माल. हा मात्र दुमडायचा नाही."

आता आम्ही सांगायचो आणि मावशी हुंकार द्यायची. पहिले काही दिवस भयंकर गेले. एकेका वाक्याला हुंकार अडायचा. तिखट तर रडकुंडीला आली. घोडा दारात बांधला म्हणाली, हुंकार नाही. झाडाला बांधला, नाही. शेवटी वैतागून म्हणाली, "बांधलाच नाही, मोकळा सोडला." तर "हं." तिखट अवाक झाली. म्हणाली, "अगं बाई, म्हणून तर तो पुढे पळून जातो ना. इतकी वर्षं ऐकलं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं." बोलत होती तेव्हा मावशीने आम्हाला गोष्टी दिल्या. बोलणं गेल्यावर त्या कशा बांधलेल्या असतात, ते दाखवलं. ज्यांनी जन्मात चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं त्या बायका त्या खुर्चीसमोर गोष्टी सांगायला शिकल्या.

एक राहिलं. विहिरीच्या तळाचं दार. आतून कुणीतरी काय विचारलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा कधीच गेले होते, दादाने ती ऐकलेली नव्हती. जिला जे सुचलं ते तिने सांगून बघितलं. कोण आहे? का आलीस? पाणी आणलंस का? मावशी शांतपणे ऐकायची, डोळ्यांत हसू असायचं, पण हुंकार द्यायची नाही. खोटा हुंकार तिने शेवटपर्यंत एकदाही दिला नाही.

मावशी त्यानंतर बरीच वर्षं होती. एका थंडीत आपल्या घरी, आपल्या खाटेवर गेली. दादा जवळ होता. त्याने काय सांगितलं, मी विचारलं नाही. दादा पंपावरूनच निवृत्त झाला. नातवंडांनी त्याचं नाव वाघआजोबा ठेवलं होतं. वहिनी अजून आहे, ऐकू कमी येतं, पण साखर कुणाला किती ते चुकत नाही. मुकादमबाई दम्याने गेल्या, कारखाना बंद व्हायच्या आदल्या वर्षी. बरं झालं, त्यांना तो बंद झालेला बघवला नसता. तिखट मुलीकडे परक्या शहरात गेली. तिथल्या बागेत संध्याकाळी मुलं गोळा करून गोष्टी सांगायची आणि हुंकार न देणाऱ्या पोरांना उठवून लावायची, असं तिची मुलगी म्हणाली. कटिंग मशीन भंगारात गेलं. ती खुर्ची माझ्याकडे आहे.

मी पुढे शाळांमधून, वाचनालयांमधून गोष्टी सांगत फिरले. आता फिरणं होत नाही, मुलंच घरी येतात. सगळ्यात शेवटी मी वाळूकडची सांगते. दार वाजवलं, आतून कुणीतरी विचारलं, इथवर येते आणि थांबते. मग एकेकाला विचारते, काय विचारलं असेल? मुलं काय काय सांगतात. काही उत्तरं फार सुंदर असतात. मी ऐकते, डोळे मिटते आणि विहिरीच्या तळाशी जाऊन बघते.

अजून दिसलेलं नाही. दिसेल तेव्हा मी हं म्हणेन.